दोन काटे, तीन वजनं

प्रश्न : आमच्याकडे वजनाचे दोन काटे आहेत. एक वीस वर्षांपूर्वीचा, तबकडीचा. त्यावर लागोपाठ चार वेळा उभं राहिलं तर तो ६५, ६७, ६४, ६८ असं काहीही दाखवतो. दुसरा मुलीने गेल्या दिवाळीत आणला, काचेचा, डिजिटल. तो दर वेळी ६८.३५ म्हणजे ६८.३५. डॉक्टरांकडे मात्र माझं वजन ६६ भरलं. मुलगी म्हणते, ‘बाबा, नवा काटा प्रिसाइज आहे, पण अ‍ॅक्युरेट नाही.’ मी म्हणतो, दोन्हींचा अर्थ ‘अचूक’च ना? मग ही भानगड काय आहे आणि मी खरं वजन कुठलं धरू?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मुलीचं बरोबर आहे, पण तुमचा गोंधळही समजण्यासारखा आहे. अचूक, बिनचूक, नेमकं, तंतोतंत, काटेकोर हे शब्द आपण बोलताना बिनदिक्कत अदलून-बदलून वापरतो. मोजमापवाले त्यांतल्या दोघांना वेगळं बसवतात. उत्तर खऱ्याच्या किती जवळ गेलं, ती अचूकता. तेच माप पुन्हा पुन्हा घेतलं तर उत्तरं एकमेकांच्या किती जवळ पडतात, तो काटेकोरपणा. तुमचा जुना काटा बेशिस्त आहे, पण त्याच्या चार आकड्यांची सरासरी काढून पाहा : बरोबर ६६. नवा शिस्तीचा आहे, फक्त रोज त्याच चुकीच्या पत्त्यावर जातो.

पाठ्यपुस्तकांत हे समजावायला नेमबाजीच्या गोल फळीचं चित्र असतं. डोंबिवलीकराला लोकल जवळची. समजा, ८.५७ ची गाडी रोज न चुकता ९.०१ ला फलाटाला लागते. ही काटेकोर आहे, अचूक नाही. दुसरी कधी आठ मिनिटं उशिरा, कधी चक्क वेळेआधी. महिन्याची सरासरी काढली तर अगदी वेळेवर. यांतली कुठली परवडेल? पहिलीच. तिच्या चार मिनिटांत तुमचा चहा बसतो. चूक रोज तेवढीच असेल तर ती वजा करता येते. रोज वेगळी असेल तर फलाटावर उभं राहण्यावाचून इलाज नाही.

चूक वजा करण्याची ही युक्ती आपल्या बाजारात फार जुनी आहे आणि तिला नावही आहे : पासंग. तागडीची पारडी रिकामी असताना दांडी एका बाजूला कलत असेल, तर हलक्या पारड्याला बांधलेला दगड किंवा लोखंडाचा तुकडा म्हणजे पासंग. ‘हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असं आपण सहज म्हणून जातो; पण त्या बिचाऱ्या तुकड्यावरच सगळ्या तोलाचा खरेखोटेपणा उभा असायचा.

गंमत अशी, की पासंगाने एकच दुखणं बरं होतं. तागडीचं दुसरं दुखणं दांडीत असतं. मधला आस बरोबर मध्ये नसला आणि दांडीची एक भुजा ५१ सेंटिमीटर, दुसरी ४९ असली, तर पासंग लावून रिकामी पारडी समतोल करता येतात. गिऱ्हाईक खूश. पण माल लांब भुजेच्या पारड्यात पडला, की १ किलोच्या वजनाला ९६१ ग्रॅमच वांगी येतात, आणि रिकामी तागडी कितीही वेळा तपासली तरी हे कळत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे पारडी बदलणं. वजन इकडे, माल तिकडे. आता त्याच १ किलोला १,०४१ ग्रॅम येतात. दोन्ही उत्तरांची सरासरी घेतली तर १,००१, म्हणजे खऱ्याला जवळजवळ चिकटलीच. शास्त्राच्या पुस्तकांत ही पद्धत गाउस या जर्मन गणितज्ञाच्या नावावर जमा आहे. ‘आता पारडं बदलून तोल’ असं भाजीवाल्याला दटावणाऱ्या बायकांना गाउस ऐकूनही ठाऊक नसेल.

थोडक्यात, पक्की चूक दोन तऱ्हांची असते. एक प्रत्येक मापात तेवढीच भर घालते, दुसरी मापाच्या प्रमाणात वाढत जाते. तुमच्या नव्या काट्याची कुठली, ते घरच्या घरी कळेल. काट्यावर उभे राहा, आकडा लिहून ठेवा. मग बंद पाकिटातली १० किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून पुन्हा उभे राहा. आकडा १० नेच वाढला, तर काटा सगळ्यांना सारखाच जादा दाखवतोय. त्यातून २.३५ किलो वजा करा आणि विसरा. पण तो साधारण १०.३५ ने वाढला, तर चूक प्रमाणातली. मग दर शंभराला साडेतीन कमी धरावे लागतील. माझी पैज दुसऱ्यावर आहे. असल्या काट्याच्या काचेखाली चार कोपऱ्यांत धातूच्या छोट्या पट्ट्या असतात. तुमच्या भाराने त्या नजरेला दिसणार नाही इतक्या वाकतात, त्यांवर चिकटवलेल्या बारीक जाळीचा विद्युत रोध बदलतो, आणि त्या बदलाचे किलो किती धरायचे हे आतल्या चिपला कारखान्यात एकदाच शिकवलेलं असतं. तिथे शिकवणी कच्ची राहिली, तर काटा आयुष्यभर तेच चुकीचं उत्तर ठामपणे सांगतो. उलट रिकामा असताना तो स्वतःला शून्यावर आणून घेतो, त्यामुळे पासंगाची चूक त्याच्यात सहसा उरत नाही.

हे सगळं करण्याआधी आणखी एक शंका फेडून घ्या. बाजारातले काही डिजिटल काटे मागचं वजन लक्षात ठेवतात, आणि नवं माप त्याच्या आसपास आलं तर नवं न दाखवता जुनंच पुन्हा दाखवतात. गिऱ्हाइकाला वाटतं, वा, काय भरवशाचा काटा! तेव्हा दोन मापांच्या मध्ये पाण्याची भरलेली बादली घेऊन एकदा उभे राहा, म्हणजे जुनी आठवण पुसली जाईल. मग बादली खाली ठेवून पुन्हा मोजा. त्यानंतरही ६८.३५ च आलं, तर त्याच्या शिस्तीला मी सलाम करीन.

त्या .३५ बद्दल मात्र फार जिव्हाळा ठेवू नका. साडेतीनशे ग्रॅम म्हणजे दोन कप चहा आणि वर थोडं. जेवणखाण, पाणी, घाम यांनी माणसाचं वजन दिवसभरात किलो-दीड किलो सहज खालीवर होतं. पडद्यावर दोन दशांश स्थळं दिसतात ती काट्याची बोलण्याची पद्धत झाली, तेवढं त्याला कळतं असं नाही. (जाता जाता : स्प्रिंगचा आणि डिजिटल काटा पृथ्वीची ओढ मोजतो, वस्तुमान नव्हे. तुमचा काटा विषुववृत्तावरून ध्रुवावर नेला तर तुम्ही अंगाला काही न लावता सुमारे साडेतीनशे ग्रॅमनी भराल. तागडीला हा रोग नाही, कारण तिथे ओढ दोन्ही पारड्यांना सारखीच.)

राहिला डॉक्टरांचा काटा. तो खरा आहे हे आपल्याला कुणी सांगितलं? डॉक्टरांनी. आणि त्यांना? किराणा दुकानातल्या काट्यावर निदान वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का असतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करावी लागते. तिथेही कायदा शून्य चुकीचा हट्ट धरत नाही. पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा काटा पडताळणीच्या वेळी १ किलोला अडीच ग्रॅम इकडे किंवा तिकडे गेला, तर पास. पडताळणी करणाऱ्या निरीक्षकाची वजनं त्याहून वरच्या वजनांशी ताडलेली, ती आणखी वरच्यांशी, असं चढत चढत आपण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पोहोचतो. तिथे प्लॅटिनम-इरिडियमचा एक छोटा दंडगोल आहे, प्रत क्रमांक ५७. त्याचा मूळ पुरुष पॅरिसजवळच्या सेव्र गावी. १८८९ पासून तो म्हणजेच एक किलो, व्याख्येने. शंभर वर्षांत त्याच्यात आणि त्याच्या प्रतींत सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत पडली, तेव्हा मोठीच पंचाईत झाली : मूळ हलका झाला की प्रती जड झाल्या? व्याख्येनुसार मूळ चुकूच शकत नव्हता. तो घटला असता तरी उरलेलं जग जड झालं असंच लिहावं लागलं असतं. अखेर २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर नेली आणि त्या दंडगोलाची अचूक असण्याच्या सक्तीतून सुटका झाली.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, वजन ६६ च्या आसपास धरा. आणि ते उतरवायचा विचार असेल, तर मुलीने आणलेलाच काटा वापरा, रोज सकाळी त्याच वेळी. तो दोन किलोंच्या जागी दोन किलो सत्तर ग्रॅम उतरल्याचं सांगेल, एवढं चालेल. जुन्या काट्यावर दोन किलो उतरले की चढले हेच कळणार नाही.

प्रश्न : एव्हरेस्टची उंची पहिल्यांदा मोजली तेव्हा ती बरोबर २९,००० फूट आली होती, पण लोकांना ती अंदाजपंचे वाटेल म्हणून दोन फूट वाढवून २९,००२ जाहीर केली, असं आम्हाला वर्गात सांगितलं. हे खरं आहे का?
(इयत्ता नववीतली वाचक, नाशिक)

उत्तर : गोष्ट इतकी गोड आहे की ती खोटी निघावी असं कुणालाच वाटत नाही. मलाही नाही. पण आकडे तिच्या बाजूने बोलत नाहीत.

तेव्हा नेपाळमध्ये सर्वेक्षकांना प्रवेश नव्हता. म्हणून भारतीय सर्वेक्षण खात्याने हे शिखर सपाट तराईतल्या सहा ठिकाणांवरून, पावणेदोनशे किलोमीटर आणि त्याहूनही लांबून, थिओडोलाइट हे कोन मोजायचं यंत्र लावून न्याहाळलं. शिखराला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता : पंधरा. आकडेमोडीत राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा मोठा वाटा होता, आणि १८५६ साली सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ यांनी २९,००२ फूट ही उंची जाहीर केली. सहा ठिकाणांहून सहा उत्तरं आली होती. सर्वांत कमी २८,९९० च्या थोडी वर, सर्वांत जास्त २९,०२६. नंतर छापल्या गेलेल्या तक्त्यातल्या त्या सहा आकड्यांची बेरीज करून तिला सहाने भाग दे. मी दिला. उत्तर येतं २९,००२ आणि वर काही इंच. म्हणजे ते दोन फूट कुणी वरून घातले नव्हते, भागाकारातूनच आले होते.

तरी गोष्ट रचणारा शहाणा होता. शेवटी तीन शून्यं दिसली, की वाचणाऱ्याला वाटतं, याने डोळ्यांनीच मापलं असणार. शेवटी २ दिसला की वाटतं, वा, मोजलंय! पण सहा उत्तरं एकमेकांपासून ३६ फूट लांब पडलेली असताना त्या शेवटच्या दोनावर किती जीव टाकायचा? ‘२९,००० फूट, दहा-वीस फूट इकडे-तिकडे’ हे म्हणणं जास्त प्रामाणिक झालं असतं. फक्त त्याला रुबाब नसता.

आता यातला खरा मासलेवाईक भाग. भारतीय सर्वेक्षण खात्याने १९५५ मध्ये ८,८४८ मीटर उंची काढली, आणि डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ व चीनने मिळून ८,८४८.८६ जाहीर केली. फुटांत ती साधारण २९,०३२ भरते. पुन्हा त्या सहा उत्तरांकडे बघ. त्यांतलं सर्वांत मोठंही २९,०२६ आहे. सहाही उत्तरं एकाच बाजूला, खाली. प्रत्येक ठिकाणाची चूक वेगळी आणि आंधळी असती, तर तीन वर आणि तीन खाली असं काहीतरी झालं असतं आणि सरासरीने ती धुऊन निघाली असती. इथे सहांनाही एकच चष्मा लागला होता. थंड-गरम हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकतो. हिमालयाच्या प्रचंड वस्तुमानाच्या ओढीने ओळंबाही किंचित तिरका लटकतो. शिवाय ज्या समुद्रपातळीपासून उंची धरायची, ती डोंगराच्या पोटात नेमकी कुठे मानायची हा प्रश्न असतोच. सहाच्या जागी साठ ठिकाणं घेतली असती, तर उत्तर जास्त काटेकोर झालं असतं, पण खऱ्याच्या जवळ गेलं असतं असं नाही. डोंबिवलीच्या काचेच्या काट्यासारखंच.

मात्र त्या जुन्या मंडळींना कमी लेखू नकोस. इतक्या लांबून तीस फुटांची चूक म्हणजे हजारात एक. वर ज्याचं कौतुक चाललंय त्या डिजिटल काट्याची चूक, पायाखाली उभ्या माणसाचं वजन सांगताना, याच्या तीसपटींहून जास्त आहे.

आणि ‘खरी उंची’ म्हणजे काय हेही विचारून ठेव. २००५ मध्ये चीनने ८,८४४.४३ मीटर अशी उंची दिली होती, २१ सेंटिमीटरच्या अनिश्चिततेसह. ती खडकाची होती. त्यावरचं साडेतीन मीटर बर्फ त्यांनी वेगळं मोजलं होतं. सेंटिमीटरवर भांडायचं, तर आधी शिखर कुठे संपतं ते ठरवावं लागतं.

प्रश्न : माझी आई मीठ अंदाजाने घालते आणि मी चमच्याने मोजून. तिची आमटी रोज सारखी लागते, माझी नाही. मग मोजण्यात अर्थ काय?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : मोजण्यात अर्थ आहे, पण तुम्ही मीठ मोजता म्हणजे चमचा मोजता. बारीक मीठ चमच्यात दाटून बसतं, जाडं मीठ पोकळी ठेवून बसतं. चमचा तोच, वजन वेगळं. त्यातून डाळ कधी घट्ट, कधी पातळ. आईची चिमूट तीस-चाळीस वर्षं घोटलेलं माप आहे. शिवाय ती घालते, चाखते, पुन्हा घालते. दर खेपेला उत्तर तपासून घेते. तुम्ही एकदाच घालून देवावर हवाला ठेवता. दोघांत अंदाजाने स्वयंपाक कोण करतंय, हे एकदा बघा.

आपल्या भाषेला हा भेद चांगला कळतो. अंदाज वेगळा, अंदाजपंचे वेगळं. ‘वीसेक माणसं होती’ यातल्या त्या ‘एक’मध्ये आकड्याबरोबर त्याची सूटही सांगून टाकलेली असते. ‘पावणेसहाला येतो’ म्हणणाऱ्याची कुणी ५.४३ ला वाट बघत नाही, पण तोच माणूस ‘८.५७ पकडतो’ म्हणतो तेव्हा एक मिनिटही इकडेतिकडे चालत नाही. किती चूक चालेल हे त्याने आधीच ठरवलेलं असतं, आणि तेवढाच बारीक शब्द तो निवडतो.

आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीया’त वर्तुळाचा हिशोब दिला : व्यास २०,००० असेल तर परीघ ६२,८३२. म्हणजे पायची किंमत ३.१४१६. आणि शेजारी एक शब्द ठेवला : आसन्न, जवळचा. एवढ्या मोठ्या वर्तुळात, २०,००० हात व्यास धरला तरी, चूक हाताच्या सातव्या हिश्शाएवढी पडते. ज्याचा अदमास इतका बारीक, त्यानेच तो अदमास असल्याचं लिहून ठेवलं, याचं मला त्या आकड्याहून जास्त अप्रूप आहे. शाळेतलं २२/७ यापुढे ढोबळ, पण बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायची असेल तर पुरेसं : दीड मीटरच्या चाकात दोन मिलिमीटरचाही फरक नाही. बरं, ३.१४ हे दशांशामुळे २२/७ पेक्षा शास्त्रीय दिसतं. खऱ्या पायच्या जवळ मात्र किंचित २२/७ च आहे.

दशांशाच्या या रुबाबाला डॉक्टरही भुलले. जर्मनीत वुंडरलिख यांनी सुमारे २५,००० रुग्णांची तापमानं घेऊन १८६८ मध्ये निरोगी शरीराची सरासरी ३७ अंश सेल्सिअस सांगितली. छान गोल आकडा. तो फॅरनहाइटमध्ये नेताना त्याला ९८.६ असं शेपूट फुटलं, आणि पिढ्यान्पिढ्या आया ९८.८ बघून पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवत आल्या. एकाच माणसाच्या पहाटेच्या आणि संध्याकाळच्या तापमानात त्याहून जास्त फरक असतो.

तेव्हा आईची चिमूट मोजायची असेल तर अशी मोजा. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या खालचं सांगत नाही, एक चिमूट त्याला दिसणारच नाही. वीस चिमटी एका वाटीत टाकायला सांगा, वाटीचं वजन वजा करा, विसाने भागा. हे तीन-चार दिवस करा, म्हणजे तिचा हात किती काटेकोर आहे तेही कळेल. फक्त कशासाठी चाललंय ते तिला सांगू नका. कुणी मोजतंय म्हटलं की चिमूट बदलते.